क्योतोत माचिया घेताय? तळखडा ठेवायचा की काँक्रीट ओतायचं

जपानच्या क्योतो शहरातली एखादी जुनी माचिया, म्हणजे लाकडी दुकान-घर, मनात भरली असेल, तर किमतीचा कागद बाजूला ठेवा आणि आधी खांबाच्या पायथ्याशी वाकून बघा. खांब नुसता दगडावर उभा असेल, आपल्या वाड्यांत तळखड्यावर असतो तसा, तर घर मूळ बांधणीचं आहे. पुढचे सगळे निर्णय तिथूनच निघतात. हीच बांधणी ठेवून दुरुस्ती करायची, की दर्शनी भाग राखून आत नवं घर उभं करायचं?

माचिया म्हणजे व्यापारी आणि कारागिरांची घरं. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. रुंदी जेमतेम, लांबी मात्र संपता संपत नाही, म्हणून लोक त्यांना ‘उनागी नो नेदोको’ म्हणतात, म्हणजे वाम माशाचं अंथरूण. १८६४ च्या मोठ्या आगीत शहराचा बराच भाग जळाला, त्यामुळे आज दिसणाऱ्या बहुतेक माचिया त्यानंतरच्या आहेत. महापालिका १९५० पूर्वीच्या बांधणीलाच क्योमाचिया, म्हणजे अस्सल क्योतोची माचिया, धरते. २००८-०९ च्या पाहणीत अशी सुमारे ४७,७०० घरं होती, २०१६ मध्ये ४०,१०० च्या आसपास उरली. रोज दोन-तीन घरं गेली, असा त्याचा हिशेब. उरलेल्यांतलं दर सातवं घर रिकामं होतं.

आता भूकंपाचं. या घरांना लांबीच्या दिशेने भिंती भरपूर आहेत, रुंदीच्या दिशेने जवळजवळ नाहीतच, कारण दुकान रस्त्याला उघडं हवं. खरी कमजोरी ती. जुन्या पद्धतीचा सुतार ती जुन्याच तर्काने भरून काढतो. खांबांतून आरपार ओवलेल्या आडव्या पट्ट्या, त्यावर बांबूचं कूड आणि मातीचा गिलावा. घर हललं की आधी माती तडकते, सांध्यांत लाकूड दबतं आणि धक्क्याचा जोर त्यात जिरतो. घर वाकतं, पण उभं राहतं. अर्थात खांबांचे पाय कुजलेले नसतील तर. नव्या पद्धतीत काँक्रीटचा पाया ओततात, खांब बोल्टने जखडतात, तिरपे आधार आणि प्लायवूड मारतात. घराने हलूच नये, हा त्यामागचा विचार.

दोन्ही तर्क आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो सरमिसळीत. एक कोपरा ताठ केला आणि बाकीचं घर लवचीक ठेवलं, तर भूकंपात ते पिळवटतं. म्हणून कंत्राटदाराला पहिला प्रश्न विचारा, मजबुतीचा हिशेब कसा केला? नुसत्या भिंती मोजल्या असतील तर मातीच्या घरावर अन्याय होतो. घर किती वाकू शकतं हेही धरणारी पद्धत २००० सालापासून कायद्यात आहे. ती ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती मी मूळ बांधणीचं घर देणार नाही.

राहण्याच्या दृष्टीने सगळा झगडा तोरिनिवावर येतो. पुढच्या दारापासून परसापर्यंत जाणारी ही मातीच्या जमिनीची बोळ, यातच स्वयंपाकघर, आणि वर धूर जायला छपरापर्यंत मोकळी ठेवलेली उंच पोकळी. उन्हाळ्यात ही बोळ आणि आतलं छोटं अंगण मिळून घरभर वारा खेळवतात. हिवाळ्यात तीच बोळ जीव काढते. नव्या पद्धतीत इथे लाकडी जमीन आणि खाली छत घालतात. घर ऊबदार होतं, पण वारा थांबतो आणि जुन्या तुळया दिसेनाशा होतात. माझं मत विचाराल तर बोळ उघडी ठेवा, आणि झोपायची खोली व न्हाणीघर तेवढं उष्णतारोधक करून घ्या. सगळं घर गरम करायच्या हट्टापायी अर्धी माचिया जाते.

कायदा मात्र तुमच्या आवडीनिवडी विचारत नाही. एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराचं छप्पर, भिंती, खांब यांपैकी काहीही निम्म्याहून जास्त बदलायचं तर बांधकाम मंजुरी लागते. त्यामुळे ‘आतून सगळं नवं’ हा पर्याय पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही, आणि अरुंद गल्लीतल्या घराला तर तो आणखी अवघड. अशा जागेवर घर पाडलं तर बहुतेक वेळा पुन्हा बांधता येत नाही; ती स्वस्त असते आणि बँक कर्जाला नाक मुरडते ते म्हणूनच. थोडं थोडं, टप्प्याटप्प्याने दुरुस्त करणाऱ्याला इथे फायदा आहे. २०१७ च्या शहर नियमानुसार संरक्षित ठरवलेली माचिया पाडायची तर वर्षभर आधी कळवावं लागतं. चुकलात तर दंड जास्तीत जास्त ५०,००० येन. मध्यवस्तीतल्या जमिनीच्या भावापुढे हे चहापाणीच!

पाहुण्यांना भाड्याने देऊन खर्च काढू, असा विचार असेल तर घरगुती निवासाच्या कायद्याने वर्षाला १८० दिवसच मिळतात. त्यापुढे लॉजिंगचा रीतसर परवाना हवा. शिवाय गल्लीत चाकांच्या बॅगांची खडखड सुरू झाली की शेजारी तुमचं स्वागत कसं करतील, ते सांगायला नको.

क्योतोचे भाव झेपत नसतील तर कानाझावा बघा. दुसऱ्या महायुद्धात तिथे बाँब पडले नाहीत, त्यामुळे जुन्या वस्त्या टिकल्या, आणि पारंपरिक कारागीर घडवणारी शहराची शाळा १९९६ पासून चालू आहे. पण तिथे बर्फाचं वजन छपराच्या हिशेबात धरावं लागतं.

तळखडे शाबूत असतील आणि तुम्ही स्वतः राहणार असाल, तर जुनी पद्धतच घ्या. वाळवी लागली असेल, किंवा आधीच्या मालकाने गाडी लावायला पुढचे खांब कापले असतील, तर काँक्रीटला पर्याय नाही. आणि घर बघायला नोव्हेंबरच्या लाल पानांत जाऊ नका. फेब्रुवारीत, सकाळी सातला जा, बूट काढा आणि अर्धा तास आत उभे राहा.