मोड आलेल्या कडधान्यांचा तयार डबा: उसळीला घ्या, कच्चा खायला नको

सांगलीत विश्रामबागेत घेतलेला डबा. 200 ग्रॅम, 40 रुपये, आत मूग, मटकी आणि थोडी मेथी. झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘धुतलेले, थेट खा’. उत्पादकाचं नाव इथे देत नाही.

माल चांगला आहे. मटकीचे मोड एकसारखे, मूठभर मटकीत गणंग दोन-तीनच, आंबूस वास नाही, तळाला पाणी साचलेलं नाही. फोडणीत परतून, पाणी घालून झाकण ठेवलं की 12 मिनिटांत उसळ होते आणि मटकी अख्खी राहते. मिसळीला आणखी काय हवं? रात्री भिजत घालायला विसरलेल्या घरासाठी 40 रुपये जास्त नाहीत.

आक्षेप आहे तो ‘थेट खा’ या दोन शब्दांवर.

मेथीचा एक मोड उजेडासमोर धरून पाहा. मुळाच्या टोकाच्या थोडं वर पांढरी बारीक लव दिसते. अनेकांना ती बुरशी वाटते. ते मूळरोम असतात. साल्मोनेला आणि घातक ई. कोलाय यांसारखे आतड्यातले जंतू नेमके अशा जागी धरतात. त्यांच्या अंगावर प्रथिनांचे चिवट तंतू असतात, शिवाय ते सेल्युलोजसारखा चिकट थर तयार करतात. चिरेतून, तुटलेल्या कडेतून काही जंतू आतही शिरतात. म्हणून नळाखाली कितीही चोळलं तरी फार तर 90 ते 99 टक्के निघतात. ऐकायला हे पुष्कळ वाटतं, पण एका ग्रॅमवर 1 कोटी जंतू असतील तर 99 टक्के गेल्यावरही 1 लाख उरतात. ई. कोलाय ओ157 चे शंभराच्या आतबाहेर जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. मीठ, व्हिनेगर किंवा भाजी धुण्याचं लिक्विड वापरूनही यात फारसा फरक पडत नाही.

इतके जंतू येतात कुठून? मुळात दाण्यावर अगदी थोडे असतात. कच्चं शेणखत, पुराचं पाणी, खळ्यावरची पाखरं, गोदामातले उंदीर, कुठूनही ते लागतात आणि कोरड्या दाण्याच्या सालीच्या भेगेत महिनोन् महिने तग धरतात. मग आपणच दाणे भिजवतो, ओलसर फडक्यात बांधतो, उबेला ठेवतो. दाण्यातून झिरपणारी साखर आणि प्रथिनं त्यांना आयती मिळतात. एक-दोन दिवसांत संख्या हजार-दहा हजार पटींनी वाढते. मोड जितके जोमदार, तितकीच जंतूंचीही चैन. वासावरून किंवा बुळबुळीतपणावरून हे ओळखता येत नाही. सडवणारे जंतू वेगळे.

2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय ओ104 ची साथ आली. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला. शेवटी माग लागला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांचा, म्हणजे त्यांच्या मोडांचा. सुमारे 3,800 लोक आजारी पडले, 50 हून जास्त दगावले, शेकडो जणांची मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत पाळी गेली. या डब्यातही मेथी आहे, म्हणून हे सांगणं भाग आहे.

दुसरी खोट साठवणीची. लेबलवर मुदत 4 दिवस, पण डबा काउंटरवर उघड्यावर ठेवलेला. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात तसा ठेवणं म्हणजे मोड आणण्याचीच प्रक्रिया पुढे चालू ठेवणं. हा माल 4 अंशांच्या आसपास, फ्रिजमध्येच हवा. थंडीत वाढ थांबते, पण असलेले जंतू मरत नाहीत.

सॅलड किंवा कोशिंबीर करायचीच असेल तर 2 लिटर पाण्याला खळखळून उकळी आणा, 200 ग्रॅम मोड त्यात सोडा, पाणी पुन्हा उकळू लागलं की तिथून 2 मिनिटं मोजा. पाणी कमी घेतलं तर उकळी यायला वेळ लागतो आणि मूग गाळ होतो. निथळून धुतलेल्या ताटात पसरा. कच्चे मोड ज्या चाळणीत होते तिच्यात परत टाकू नका, ही चूक फार होते. मटकी कुरकुरीत राहते, मेथीचा कडवटपणाही थोडा उतरतो. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल किंवा वयस्कर माणूस घरात असेल तर मोड पूर्ण शिजवूनच द्या. सकाळी मैदानाबाहेर वाटीत मिळणाऱ्या कच्च्या मोडांनाही हेच लागू.

उत्पादकाला दोन गोष्टी सहज करता येतील. झाकणावर ‘शिजवून खा’ छापावं, आणि भिजवायला सुरुवात केल्यापासून 48 तासांनी मोडांवरून निथळलेलं पाणी प्रयोगशाळेत तपासून अहवाल आल्यावरच तो घाणा विकायला काढावा. अमेरिकेत मोड विकणाऱ्यांना हे बंधनकारक आहे.

उसळ-मिसळीसाठी 5 पैकी 4. कच्चा खायला शून्य.