महापालिका रुग्णालयातील त्वचारोग विभाग : केसगळतीच्या उपचाराचा अनुभव

गेल्या भाद्रपदात गौरीपूजनाच्या सकाळी न्हाऊन केस विंचरताना फणीत केसांचा जो पुंजका आला, तो पाहून मी घाबरून फणी खाली ठेवली. पुढच्या दोन आठवड्यांत उशीवर, ओट्याखाली, मोरीच्या जाळीत सगळीकडे केस दिसू लागले आणि माझा भांग रुंद झाल्याचे घरातल्यांच्याही लक्षात आले. त्यानंतर मी दोन ठिकाणी गेले. पहिले एक खासगी हेअर क्लिनिक आणि दुसरे आमच्या शहरातील महापालिका रुग्णालयाचा त्वचारोग विभाग. हे परीक्षण प्रामुख्याने दुसऱ्या ठिकाणाचे आहे. दोन्हींची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण केसगळतीची तपासणी कशी व्हायला हवी हे वाचणाऱ्याला कळावे आणि ती कसोटी त्याला आपल्या गावातील कोणत्याही दवाखान्याला लावता यावी, अशी माझी इच्छा आहे.

खासगी क्लिनिकबद्दल थोडक्यात सांगते. तेथे कॅमेऱ्याने टाळूचे छायाचित्र काढून मोठ्या पडद्यावर दाखवले, केसांची घनता कमी झाल्याचे सांगितले आणि वीस मिनिटांच्या आत सहा वेळा पीआरपी, औषधी शाम्पू आणि बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या असे ४८ हजार रुपयांचे पॅकेज समोर ठेवले. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातील प्लेटलेट वेगळ्या काढून टाळूत टोचणे. मला आजार कोणता झाला, झोप किती मिळते, मासिक पाळी कशी आहे, यांपैकी एकही प्रश्न तेथे विचारला गेला नाही. गोळ्यांची एक बाटली घेऊन मी परत आले आणि पॅकेजचा निर्णय पुढे ढकलला. तो ढकलला याचे आज समाधान वाटते.

महापालिकेच्या रुग्णालयात केस पेपर काढण्यासाठी सकाळी आठला रांगेत उभे राहावे लागले आणि डॉक्टरांसमोर बसेपर्यंत पावणेअकरा वाजले. पण बसल्यावर त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहण्याआधीच विचारले, "ताई, तीन-चार महिन्यांपूर्वी घरात काही मोठं घडलं होतं का?" मे महिन्याच्या अखेरीस माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. एकोणीस दिवस ते अतिदक्षता विभागात होते, त्या रात्री मी बाहेरच्या बाकावर काढल्या, जेवण म्हणजे कॅन्टीनचा चहा आणि बिस्किटे, आणि घरी आल्यावरही दोन तासांहून अधिक सलग झोप मिळत नव्हती. हे सगळे मी केसांशी कधी जोडलेच नव्हते, कारण केस गळू लागले तेव्हा वडील घरी आले होते आणि काठीच्या आधाराने चालूही लागले होते.

या अंतराचे कारण डॉक्टरांनी केस पेपरच्या मागच्या बाजूला रेघा काढून समजावले, आणि या विभागाला मी सर्वाधिक गुण देते ते याच दहा मिनिटांसाठी. टाळूवर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतील प्रत्येकाचे स्वतंत्र चक्र चालू असते. केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरती होते आणि सुमारे तीन महिने तो विश्रांतीच्या अवस्थेत राहून शेवटी गळतो. एरवी दहातील जवळपास नऊ केस वाढीच्या अवस्थेत असतात, त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे नित्याचेच मानले जाते. शरीराला किंवा मनाला मोठा धक्का बसला की वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकदम विश्रांतीकडे वळतात, आणि ती तीन महिन्यांची मुदत संपली की ते एकाच सुमारास बाहेर पडतात. म्हणूनच धक्का मे महिन्याचा असला तरी तो दिसतो भाद्रपदात. या प्रकाराला टेलोजेन इफ्लुव्हियम म्हणतात आणि त्याचे वर्णन अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये केले. बाळंतपण, टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, झपाट्याने वजन उतरवणारा आहार यांनंतरही हेच घडते. कोविडनंतर केस गळाल्याची तक्रार घरोघरी ऐकू आली, तिच्यामागेही बहुतांशी हेच कारण होते.

ताणाचा निरोप केसाच्या मुळापर्यंत पोहोचतो कसा, याविषयी हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये उंदरांवर केलेले काम मला नंतर वाचायला मिळाले. ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींवर परिणाम करते आणि मूलपेशींना जागे करणारे गॅस-सिक्स नावाचे प्रथिन त्या पेशींना स्रवू देत नाही, त्यामुळे नवा केस उगवायला उशीर होतो, असे त्यात दिसले. माणसात हेच नेमके असेच घडते असे त्यावरून म्हणता येत नाही. डॉक्टरांनीही बजावले की ताप किंवा बाळंतपणासारख्या शारीरिक आघाताचा पुरावा जितका भक्कम आहे तितका रोजच्या मानसिक ताणाचा नाही, आणि म्हणून "टेन्शनमुळे होतंय" एवढ्यावर थांबणे चुकीचे ठरते.

डॉक्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत, ही या विभागाची दुसरी जमेची बाजू. त्यांनी पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिली आणि हातात आलेले केस मोजले. टाळूवर कोठे गुळगुळीत गोल चकती तर नाही ना, म्हणजे चाई तर नाही ना, हे डर्मोस्कोप या त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने तपासले, कारण चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि तिचा उपचार पूर्णपणे वेगळा असतो. भांग पुढून मागे कसा रुंदावला आहे हेही पाहिले, कारण वंशपरंपरेने केस विरळ होणे स्त्रियांतही आढळते आणि ताणामुळे ते एकदम नजरेस येऊ शकते. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), थायरॉइड आणि बी-१२ या रक्ततपासण्या लिहून दिल्या. मी बायोटिन घेत असल्याचे सांगताच त्यांनी त्या गोळ्या थांबवून काही दिवसांनीच रक्त द्यायला सांगितले. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. ती बाटली मला विकताना हे कोणीही सांगितले नव्हते, आणि याची मला अजूनही चीड येते.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात २०२४ च्या डिसेंबरपासून काही गावांतील लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) पथक तेथे गेले आणि वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवले. केस गळण्याचे कारण ताटातही असू शकते हे त्या वेळी सगळ्या महाराष्ट्राने वाचले. म्हणूनच तपासणी न करता एकच उपचार सगळ्यांच्या माथी मारणाऱ्या ठिकाणांवर माझा विश्वास उरलेला नाही.

माझे फेरिटिन १४ आले, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा बराच उतरला होता. थायरॉइड ठीक होता. उपचार म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, त्या चहाच्या आगेमागे न घेता लिंबूपाण्याबरोबर घेण्याची सूचना मिळाली, आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ किंवा अंडे असावे असे सांगण्यात आले. केस वाढवण्यासाठी टाळूला लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाबद्दल मीच विचारले. मूळ कारण दूर झाले की केस आपोआप परत येतात, मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केसगळती वाढूही शकते, आणि तुम्हाला तूर्त त्याची गरज नाही, असे उत्तर मिळाले. पीआरपीबद्दलही हेच. घरचे माक्याचे तेल लावू का, यावर त्या म्हणाल्या की लावून बरे वाटत असेल तर जरूर लावा, मात्र जोराने चोळू नका आणि ओले केस घट्ट बांधू नका.

ताणाविषयी त्यांनी पोकळ धीर दिला नाही. रात्री वडिलांजवळ कोण झोपते, हे विचारले. रोज मीच, असे सांगितल्यावर त्यांनी आठवड्यातून किमान तीन रात्री भावाकडे द्यायला सांगितल्या आणि ते औषधासारखेच केस पेपरवर लिहिले. तो कागद दाखवल्यामुळेच घरात हा विषय निघू शकला. त्याखाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक होता. या सरकारी मोफत सेवेवर मराठीतही बोलता येते. मी दोनदा बोलले आणि दुसऱ्या वेळी बरेच रडले. झोप त्यानंतर सुधारू लागली.

दिवाळीपर्यंत केस गळतच राहिले, आणि तो काळ कठीण गेला. ऐंशी-शंभर केस मोजत बसू नका असे डॉक्टरांनी आधीच सांगितले नसते, तर मी त्या ४८ हजारांच्या पॅकेजकडे नक्की परतले असते. डिसेंबरपासून गळती ओसरली आणि संक्रांतीच्या सुमारास कपाळाजवळ बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिलेले दिसले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणीची जाडी पूर्ववत व्हायला वर्षाहून अधिक काळ लागणार आहे. सहा महिने उलटूनही गळती थांबली नसती तर पुन्हा तपासण्या करायच्या असे ठरले होते, पण ती वेळ आली नाही.

उणिवा आहेत. डॉक्टर दर खेपेस त्याच भेटतील याची खात्री नाही. दुसऱ्या भेटीत नव्या डॉक्टरांना सगळे पुन्हा सांगावे लागले. फेरिटिनची तपासणी तेथे होत नसल्याने ती बाहेरून करून आणावी लागली आणि तिचे सातशे रुपये गेले. एकूण खर्चातील हा सर्वांत मोठा आकडा. मानसोपचार विभाग त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, पण त्यासाठी दुसरा केस पेपर काढावा लागतो आणि तो विभाग वेगळ्या दिवशी चालतो, त्यामुळे माझ्यासारखी घरी रुग्ण सोडून आलेली बाई तिथवर पोहोचतच नाही. या दोन विभागांची ओपीडी एकाच दिवशी ठेवावी, अशी लेखी सूचना मी अधीक्षकांच्या कार्यालयात दिली आहे. जाणाऱ्यांनी आधी घेतलेल्या सगळ्या औषधांच्या आणि गोळ्यांच्या बाटल्या सोबत न्याव्यात, आणि मागच्या सहा महिन्यांत घरात काय काय घडले ते तारखांसह कागदावर लिहून न्यावे.