पीएस४, पीएस५, सिरीज एस की स्विच? घेण्याआधी पिढी ओळखा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात "गेम दाखवा" म्हटलं की काउंटरवर चार खोकी येऊ शकतात. नवा पीएस५ स्लिम (पीएस म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन), सेकंडहँड पीएस४ स्लिम, पांढरा एक्सबॉक्स सिरीज एस आणि बाहेरून मागवलेला निंटेंडो स्विच. किमतीत मोठी तफावत, आणि वर विकणारा म्हणणार, "सगळ्यावर एफसी चालतंय की!" खोटं नाही ते. ईए स्पोर्ट्स एफसी २५ हा फुटबॉलचा गेम या चारही मशीनवर निघाला. पण पीएस४वर एफसी खेळणारा पीएस५वाल्याशी ऑनलाइन मॅच लावू शकत नाही. उलट पीएस५वाला सिरीज एसवाल्याशी, म्हणजे दुसऱ्याच कंपनीच्या मशीनशी, आरामात खेळतो. इथं कंपनी आड येत नाही, पिढी येते.

पिढी ठरते कशी

कन्सोलच्या, म्हणजे या गेम खेळायच्या मशीनच्या, पिढ्या कुठली अधिकृत संस्था जाहीर करत नाही. साधारण एकाच काळात एकमेकांना टक्कर द्यायला आलेली मशीन मागाहून एका गटात धरली जातात, एवढंच. १९७२ चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी पहिल्या पिढीतला. गेम मशीनच्या सर्किटातच. १९७६-७७ मध्ये फेअरचाइल्ड चॅनल एफ आणि अटारी २६०० आले, गेम कार्ट्रिजमध्ये गेला, ती दुसरी. १९८३ चा निंटेंडो फॅमिकॉम तिसरीतला. आपल्याकडे नव्वदीत घराघरांत आलेला, पिवळ्या कार्ट्रिजचा 'टीव्ही व्हिडिओ गेम' बहुतेक वेळा याच फॅमिकॉमची नक्कल असायचा. म्हणजे जपानात १९९४ ला पाचव्या पिढीतला प्लेस्टेशन आला, तरी आपण तिसरीतच रणगाडे चालवत होतो. सहावीत पीएस२ (२०००), सातवीत एक्सबॉक्स ३६० (२००५), पीएस३ आणि निंटेंडोचा वी (दोन्ही २००६), आठवीत पीएस४ आणि एक्सबॉक्स वन (२०१३), आणि नोव्हेंबर २०२० पासून नववी: पीएस५, सिरीज एक्स, सिरीज एस.

एके काळी ८ बिट, १६ बिट, ३२ बिट अशा आकड्यांनी पिढी मोजायची पद्धत होती. १९९३ मध्ये अटारीनं जॅग्वारवर '६४ बिट'चा शिक्का मारून विकायला काढला आणि पुढं त्या आकड्यातली हवाच गेली. ताकदीवरूनही पिढी ठरत नाही. सातव्या पिढीतला वी जास्तीत जास्त ४८० पी चित्र द्यायचा, तर पीएस३ एचडी. तरी दोघं एकाच पिढीचे. २०१६ चा पीएस४ प्रो साध्या पीएस४च्या दुपटीहून ताकदवान, पण आठवीतलाच, कारण डिस्क तीच आणि गेमही तेच. 'स्लिम', 'प्रो' ही शेपटं पिढी बदलत नाहीत.

मग घेणाऱ्यानं पिढी कशासाठी बघायची? दोनच गोष्टींसाठी: या मशीनवर नवे गेम अजून किती येणार, आणि तुम्ही कुणाबरोबर खेळू शकणार.

पीएस४ विरुद्ध पीएस५

जीटीए ५ २०१३ मध्ये पीएस३वर आला, २०१४ मध्ये पीएस४वर आणि २०२२ मध्ये पीएस५वर. एकच गेम तीन पिढ्या चालला, म्हणून लोकांना वाटतं पुढचंही तसंच होईल. पण जीटीए ६ जाहीर झालाय तो फक्त पीएस५ आणि सिरीज एक्स/एससाठी. पीएस४ घेणार असाल तर हे आजच पोराला सांगून टाका.

दोन पिढ्यांच्या सांध्यावर काय होतं, ते सायबरपंक २०७७ या गेमनं डिसेंबर २०२० मध्ये दाखवलं. पीएस४वर तो इतका अडखळत चालला की सोनीनं काही दिवसांतच तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पुढच्या जूनमध्ये परत ठेवला. २०२३ मधला त्याचा मोठा जोड-भाग पीएस४साठी निघालाच नाही. कारण सरळ आहे. पीएस४मध्ये ५४०० आरपीएमची लॅपटॉपची हार्ड डिस्क आहे, सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचणारी. पीएस५चा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) सेकंदाला ५.५ जीबी वाचतो. या वेगावर भिस्त ठेवून बनवलेला गेम मागच्या पिढीत कोंबता येत नाही.

फुटबॉलपुरतं बोलायचं तर हिशोब वेगळा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ बघून येऊन घरी परत मॅच लावणारं हे गाव. दोघं-चौघं एकाच टीव्हीसमोर बसून खेळणार असाल तर पीएस४वरचा एफसी अजूनही पुरतो. खेळाडूंच्या हालचाली थोड्या जुन्या साच्यातल्या वाटतात, इतकंच. मित्र पीएस५वर असतील आणि रात्री ऑनलाइन मॅचा लावायच्या असतील, तर मात्र पीएस४ घेऊन एकटे पडाल.

उलट बाजूनं वाट मोकळी आहे. मोजके अपवाद सोडले तर पीएस४चे गेम पीएस५वर चालतात. पीएस४ची डिस्क घालून त्या गेमची पीएस४ आवृत्ती पीएस५वर लावली की पीएस४वाल्या मित्रांशीही खेळता येतं. जुने डुअलशॉक ४ कंट्रोलरही मग चालतात. पीएस५च्या आवृत्तीला ते चालत नाहीत, तिथं पीएस५चा डुअलसेन्सच हवा. चौघांना खेळायचंय आणि जुने कंट्रोलर घरात आहेत, तर ही युक्ती चांगले पैसे वाचवते. पीएस३ किंवा पीएस२ची डिस्क मात्र पीएस५ ओळखत नाही.

"थांबलो तर स्वस्त होईल" हा जुना अनुभव या पिढीत उलटा पडलाय. भारतात पीएस५ २ फेब्रुवारी २०२१ ला डिस्कसह ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० झाला. सेल बघून घ्या. पण नुसतं थांबून फायदा होईल असं धरू नका.

पीएस५ विरुद्ध सिरीज एस

दोन्ही नववीतले, गेमची यादी बरीचशी सारखी. सोनीचे स्वतःचे काही गेम, उदाहरणार्थ स्पायडर-मॅन २, एक्सबॉक्सवर नाहीत. खरा फरक डिस्कचा. सिरीज एसला डिस्कची फट नाही. मित्राकडून डिस्क आणणं, संपलेला गेम विकून दुसरा घेणं, हे सगळं बंद. प्रत्येक गेम डाउनलोड करूनच. ५१२ जीबीच्या मॉडेलात वापरायला ३६४ जीबी मिळतात, म्हणजे शंभर जीबीचे तीन गेम टाकले की चौथ्याला जागा नाही. ४० एमबीपीएसच्या लाइनवर शंभर जीबी उतरायला साडेपाच तासांहून जास्त लागतात. घरात फायबर नसेल आणि मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर भागवत असाल, तर सिरीज एसच्या वाटेला जाऊ नका.

पीएस५ची डिजिटल आवृत्तीही याच अडचणीची. फक्त स्लिम डिजिटलला नंतर वेगळा डिस्क ड्राइव्ह लावता येतो, आणि तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.

जागा वाढवताना एक चूक सर्रास होते. यूएसबीची बाहेरची हार्ड डिस्क दोन्हीकडे जोडता येते, पण नववीतले गेम तिच्यावर फक्त साठवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. मागच्या पिढीचे मात्र खेळता येतात. पीएस५ला आतून एम.२ एसएसडी बसतो. तो चौथ्या पिढीचा एनव्हीएमई हवा (ही पिढी पुन्हा वेगळी, पीसीआयईची), शिफारस ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) लावलेला, आणि हीटसिंकसकट जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत.

एक्सबॉक्सच्या नावांनी तर भल्याभल्यांना चकवलंय. 'वन एस' आणि 'वन एक्स' आठवीतले, 'सिरीज एस' आणि 'सिरीज एक्स' नववीतले. जुन्याच्या जाहिरातीत नुसतं 'एक्सबॉक्स एस' लिहिलं असेल तर फोटो मागवा. पांढऱ्या अंगावर काळी मोठी गोल जाळी असेल तर सिरीज एस. डिस्कची फट दिसली तर वन एस. फट नाही म्हणून लगेच सिरीज एस समजू नका, कारण वन एसचीही एक बिनडिस्कची आवृत्ती होती, जाळीवरूनच ओळखा.

टीव्ही आधी बघा

घरात ३२ इंची एचडी रेडी टीव्ही असेल तर पीएस५चं ४के चित्र तुम्हाला दिसणारच नाही. लोडिंग झटपट होईल, गेम न अडखळता चालेल, पण चित्रासाठी पैसे मोजू नका. ४के आणि १२० हर्ट्झ दोन्ही हवं तर टीव्हीला एचडीएमआय २.१ लागतं. पीएस४ला जुन्या टीव्हीची लाल-पांढरी-पिवळी वायर जोडता येत नाही, फक्त एचडीएमआय.

सेकंडहँड पीएस४ तपासताना

"वीस गेम भरून देतो" असं कुणी म्हटलं की सावध व्हा. तो बहुतेक जेलब्रेक केलेला, म्हणजे चोरीचे गेम चालावेत म्हणून कंपनीचं कुलूप तोडलेला असतो. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग सिस्टम इन्फर्मेशन उघडा, सॉफ्टवेअर ९.०० किंवा ११.०० वर अडकवून ठेवलेलं दिसलं तर अर्थ हाच. अपडेट केलं की भरलेले गेम जातात, आणि न करता ऑनलाइन जाता येत नाही. दुसरा प्रकार: विकणाऱ्यानं स्वतःचं खातं त्या मशीनवर 'प्रायमरी' ठेवलेलं असतं. गेम चालतात, आणि काही दिवसांनी त्यानं लांबूनच ते बंद केलं की सगळ्यांवर कुलूप. सगळं पुसून, स्वतःच्या खात्यानं सुरू करून मगच पैसे द्या.

एचडीएमआयच्या तोंडात मोबाइलचा टॉर्च मारून पिना वाकल्यात का बघा. डिस्क दोनदा घालून काढा. एखादा जड गेम वीस मिनिटं चालवा. पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला तर आत धूळ आहे किंवा चिपवरची उष्णता पुढं नेणारी थर्मल पेस्ट सुकलीय. जाळीला नाक लावून वासही घ्या. ऊबदार पॉवर सप्लायमध्ये झुरळं घर करतात, शॉर्ट होतो, आणि बाहेरून काही कळत नाही.

मशीन ठीक निघालं तर पहिलं काम हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी. स्लिममध्ये मागच्या कोपऱ्यावरचा प्लास्टिकचा तुकडा सरकवायचा, एक स्क्रू काढायचा, ट्रे ओढायचा, ट्रेचे चार स्क्रू. मग नव्या एसएसडीवर सिस्टम टाकायला पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायचा, त्यात 'पीएस४' आणि त्याच्या आत 'अपडेट' अशी फोल्डर, नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये. इथं हमखास चुकतं ते फाइलमध्ये: साधी अपडेटची फाइल नको, पूर्ण रीइन्स्टॉलची एक जीबीहून मोठी फाइल लागते. साधी टाकली तर मशीन ती घेतच नाही.

वीज आणि पाऊस

वळवाच्या पावसात लाइट गेली की पीएस४ची फिरती हार्ड डिस्क सगळ्यात आधी धोक्यात येते. खेळून झालं की रेस्ट मोडवर ठेवू नका, पूर्ण बंद करा. वीज कडाडत असेल तर कन्सोलचा प्लग काढाच, शिवाय एचडीएमआयही काढा. केबलच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्स, तिथून टीव्ही आणि टीव्हीतून कन्सोलच्या एचडीएमआयपर्यंत झटका पोचतो. पीएस५ जड गेममध्ये २०० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे पाच तासांना एक युनिट. सिरीज एस त्याच्या निम्म्याहून कमी. ६०० व्हीएचा यूपीएस पीएस५ आणि टीव्हीला गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ देतो, त्यावर मॅच संपवायला बसू नका. घरच्या इन्व्हर्टरवर लावायचं तर तो साइन वेव्हचाच हवा.

आणि स्विच

स्विच कुठल्या पिढीतला, यावर आजही वाद चालतो. मार्च २०१७ मध्ये आला, म्हणून आठवीत धरतात; पण निंटेंडोच्याच आठवीतल्या वी यूची जागा घेतली, म्हणून काही जण नववीत ओढतात. घेणाऱ्याला या वादाचा उपयोग नाही, कारण स्विच या शर्यतीत नाहीच. निंटेंडोचे गेम दुसऱ्या कन्सोलवर येत नाहीत आणि इतरांचे जड गेम स्विचवर धड येत नाहीत. लहान मुलं, प्रवास, घरातल्या चौघांनी मारिओ कार्ट, यासाठी याच्याइतकं दुसरं काही नाही. फुटबॉलसाठी घेऊ नका. एफसी २५ मध्ये स्विचवाल्याला फक्त स्विचवालाच भेटतो. निंटेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, तेव्हा वॉरंटी दुकानदार देईल तेवढीच. ती बिलावर लिहून घ्या, कारण जॉय-कॉनची, म्हणजे स्विचच्या कंट्रोलरची, काडी आपोआप सरकायला लागणं हा त्याचा ठरलेला आजार. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर जुने बहुतेक गेम चालतात, पण त्याला मायक्रो एसडी एक्सप्रेस कार्डच लागतं, घरातलं साधं कार्ड गेमसाठी चालत नाही. बाहेरून आलेल्या स्विचच्या अडॅप्टरच्या पिना वेगळ्या असतात. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळं पिन बदलणारा कन्व्हर्टर पुरतो. ट्रान्सफॉर्मर माथी मारत असतील तर घेऊ नका.