तांब्याचा म्हणून घेतलेला पत्रा आणि भिंतीवरचे गंजाचे ओघळ

आकडा आधी सांगते, म्हणजे कुणी "एवढंसंच ना" म्हणायला नको. पत्र्याचे ६,३००, त्यावर जीएसटी १,१३४, कुरियरचे ४२०. एकूण ७,८५४ रुपये, यूपीआयने, आगाऊ. त्यातले ५०० परत मिळाले आणि त्या ५०० रुपयांनीच माझा घात केला. ते पुढे येईलच.

मी गोव्यातल्या साखळी गावची. घरी लाकूडकाम करते. फणसाच्या लाकडाची पक्ष्यांची घरं, फुलझाडांचे स्टँड, देवघरं असं. हौस म्हणून नाही, यावर माझं घर चालतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण एका कार्यालयात याच गोष्टीवरून माझा अपमान झाला.

हळदोण्याच्या एका गृहस्थांनी बागेसाठी पक्ष्यांची सहा घरं सांगितली, प्रत्येकी ३,२०० रुपयांना. छप्पर तांब्याचंच हवं होतं. मागणी रास्त होती. आपल्याकडच्या पावसात साधा पत्रा टिकत नाही, प्लायवूड फुगतं, आणि एवढ्याशा घरावर कौलं बसवायची म्हणजे नुसतं ओझं. तांबं आधी तपकिरी होतं, मग काळपट, पुढे काही वर्षांनी हिरवट. तो थरच आतल्या धातूला राखतो. उन्हात ते तापतं, म्हणून खाली लाकडाची फळी आणि मध्ये अर्धा इंच हवा खेळती ठेवायची. हे सगळं मला येतं. येत नव्हतं ते वेगळंच काही.

मी इथे चौकशी केली नाही असं कुणी म्हणू नये. म्हापशाला विचारलं, मडगावला फोन केले. भाण, घंगाळ, कळशी म्हणाल तेवढी. सुटा पत्रा म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. एकाकडे आठ बाय चारचा अख्खाच घ्यावा लागणार होता. फोंड्याचा एक व्यापारी म्हणाला, २४ गेज जाडीचा मागवून देतो, किलोला ९९० अधिक कर, पण आठवडाभर थांबावं लागेल. मे संपत आला होता, पाऊस दारात. अशा वेळी मोबाइलवर "शुद्ध तांबं, हवा तेवढा कापून, ८४० रुपये किलो" अशी जाहिरात आली तर माणूस काय करणार? दीडशेचा फरक होता, दीड हजाराचा नाही. फार स्वस्त असतं तर मीच संशय घेतला असता. त्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. व्हॉट्सॲपवर गोड बोलणं, दुकानाचे फोटो, एक व्हिडिओ. व्हिडिओत एक मुलगा पत्र्याला लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही. कातरीने कोपरा कापतो, कड आतपर्यंत गुलाबी-तांबूस. तो पत्रा खरा तांब्याचा होता याबद्दल मला आजही शंका नाही. फक्त तो मला पाठवलेला नव्हता. व्हिडिओतला माल आणि खोक्यातला माल यांचा काही संबंध असेलच असं धरून चालू नका.

दोन फूट बाय चार फुटांचे दोन पत्रे आले. रंग झकास. आणि आता ती घटका, जी आठवली की अजून कपाळात कळ जाते.

मी पत्रे शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले. बिलावर साडेसात किलो, काट्यावर ६ किलो ६०० ग्रॅम. २४ गेज म्हणजे अर्ध्या मिलीमीटरहून थोडा जाड. तेवढ्या जाडीच्या तांब्याचे दोन पत्रे साडेसात किलोच्या आसपास भरायलाच हवेत. जाडी बरोबर आणि वजन जवळजवळ किलोने कमी, म्हणजे धातूच हलका. लोखंड तांब्यापेक्षा हलकं असतं. त्या लांबी-रुंदीला आणि जाडीला लोखंडाचं वजन साडेसहा किलोच्या आसपास येतं. उत्तर काट्यावर लिहिलेलं होतं. आणि मी काय विचार केला? वजनात मारलं, वाटतं! लगेच विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "दीदी, रोलिंग में माइनस आता है, आप टेन्शन मत लो," म्हणजे पत्रा लाटताना वजन थोडं कमी भरतं, आणि पाच मिनिटांत ५०० रुपये खात्यात. हिशेबाने ७५६ व्हायला हवे होते. उरलेले पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करतो म्हणाला. मला वाटलं, भांडल्यावर लगेच पैसे परत करणारा माणूस चोर कसा असेल? पाचशे रुपयांत त्याने माझा संशय विकत घेतला. लक्षात ठेवा, मागितल्याबरोबर थोडे पैसे परत येणं हे प्रामाणिकपणाचं लक्षण नाही.

बरं, लोहचुंबक लावून का नाही बघितलं, असं आता सगळे विचारतात. माझा दीर विचारतो, नणंद विचारते, गल्लीतला इलेक्ट्रिशियनसुद्धा विचारतो. घरात फ्रिजवर चुंबक आहे, हो. पण चुंबक लावून दाखवलेला व्हिडिओ मी आधीच बघितला होता ना! त्या व्हिडिओचा उपयोगच तो असतो, आपण घरी परत तपासू नये.

पत्रा कापताना कड पांढरट दिसली होती. मला वाटलं, कातरीची धार घासून तसं दिसतंय. शिवाय पक्ष्यांच्या पायाला लागू नये म्हणून मी प्रत्येक कड आत मुडपते, लाकडी हातोडीने ठोकून बसवते. म्हणजे पुरावा मीच माझ्या हाताने आत घातला. दुमडताना पत्रा उलटा उसळत होता. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे "हार्ड टेम्पर" आहे, म्हणजे कडक केलेलं तांबं. यात खोटं पकडणं कठीण, कारण तांबंही ठोकून-लाटून कडक होतं. मऊ करायचं तर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. मी तेवढं केलं असतं तर लोखंडावरचा तांब्याचा मुलामा तिथेच काळा पडून पापुद्रे सुटले असते. पण पाऊस आला होता, गिऱ्हाईक वाट बघत होतं, आणि साधा एक कोन दुमडायला शेगडी कोण पेटवतं?

घरं दिली. पैसे मिळाले. जूनचा दुसरा आठवडा उजाडला नाही तोच हळदोण्याहून फोटो आले. चिऱ्याच्या भिंतीला पांढरा चुना, आणि त्यावरून नारिंगी ओघळ. छपराच्या घडीपाशी, खिळ्यांभोवती पुटकुळ्या उठल्या होत्या. मी पितळी खिळे वापरले होते, कारण तांब्यावर लोखंडी खिळा मारला तर खिळा लवकर गंजतो. इथे खालीच लोखंड निघाल्यावर सगळं उलटलं. मुलामा जिथे सुटला तिथे उघड्या पडलेल्या लोखंडाच्या चिमटीभर जागेला आजूबाजूचं सगळं तांबं आणि पितळ मिळून खातं. नुसत्या लोखंडाचा पत्रा घातला असता तर कदाचित त्याहून जास्त टिकला असता.

"बाय, हें तांबें गंजता कशें?" एवढंच त्यांनी विचारलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी इतकी वर्षं या कामात, आणि त्यांच्या नजरेत मीच लोखंडाला तांबं म्हणून विकणारी बाई. पाच घरांची छपरं उतरवून आणली. सहाव्यात दयाळ पक्ष्याची अंडी होती. दयाळ साधारण मार्च ते जुलै विणीला असतो. पिल्लं उडेपर्यंत ते तसंच ठेवा, असं त्यांनीच सांगितलं. शेवटी फोंड्याच्या त्या व्यापाऱ्याकडूनच साडेसात किलो घेतलं, करासकट ८,७६२ रुपये. त्याने दुकानातच कानशीने कोपरा घासून दाखवला. न सांगता.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात ड्यूटीवरच्या माणसाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "सुकण्यांक तांब्याचें पाखें कित्याक जाय?" म्हणजे पाखरांना तांब्याचं छप्पर कशाला हवं? मागचे दोघे हसले. मग म्हणे, माल पावला न्ही, मागीर फटवणी खंयची? माल मिळाला ना, मग फसवणूक कसली? म्हणजे रिकामं खोकं आलं असतं तर गुन्हा, आणि लोखंडाला मुलामा देऊन पाठवलं तर व्यवहार! बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, पैसे तुम्हीच पाठवले, आम्ही काय करणार. बरोबर आहे, मीच टाकला. मी पिनाबद्दल तक्रार करत नव्हते. निदान ते खातं कुणाचं हे तरी विचारा म्हटलं, तर फॉर्म दिला. फॉर्म भरला, तर म्हणे हा दुसरा फॉर्म.

ग्राहकांच्या तक्रारींसाठीच बसलेल्या एका कार्यालयात तर कहर. "घरं विकायला केली ना? मग तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी." मी घरी येऊन कायदा वाचला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की स्वतःच्या रोजगारासाठी, केवळ पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूचा धरत नाहीत. तक्रार आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही. हे त्या खुर्चीवरच्या माणसाने मला सांगायचं, की मी त्याला? प्रिंट काढून नेली तर म्हणे साहेब रजेवर. आणि विक्रेत्याचा पूर्ण पत्ता लागेल. अहो, पूर्ण पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते, त्याच्याच दारात गेले असते!

पत्त्यासाठी बिल काढलं आणि परत डोक्याला हात लावला. बिलावर पत्ता महाराष्ट्रातला, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, ०७ म्हणजे दिल्ली. त्यातही कर दोन भागांत लावलेला, ५६७ सीजीएसटी (केंद्राचा) आणि ५६७ एसजीएसटी (राज्याचा). दुसऱ्या राज्यातून गोव्यात माल आला तर एकच आयजीएसटी (आंतरराज्य कर) लागतो. म्हणजे १,१३४ रुपये सरकारकडे गेलेच नाहीत, ते त्याच्या खिशात. बिल हातात आल्याबरोबर हे बघा, पैसे पाठवायच्या आधी मागा, आणि क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का बघा. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात.

पैसे गेल्याचं तासाभरात कळलं तर १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, उशीर करू नका. मालाच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी तिथे नोंद केली आहे, आयोगातही अर्ज टाकला आहे, बघू.

आणि नुसत्या चुंबकावर विसंबू नका. तांब्याचा रंग दिलेल्या ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. कोपरा कानशीने खोलवर घासा, आत तोच रंग लागला पाहिजे. वजन करा आणि लांबी-रुंदी-जाडीशी ताडून बघा. वजन कमी आलं तर पैसे मागू नका, माल परत करा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, काट्याचाही काढा. माझ्याकडे काट्याचा फोटो नाही, आणि किराणा दुकानदार "मला आठवत नाही" म्हणतो, त्यालाही या भानगडीत पडायचं नाही.

त्या विक्रेत्याचा नंबर आता बंद आहे. पण परवा नणंदेच्या मोबाइलवर तोच मुलगा, तीच कातर, तोच गुलाबी कोपरा. दुकानाचं नाव वेगळं, भाव ८१०. मी तिच्याच मोबाइलवरून विचारलं, गोव्यात माल पाठवता का? लगेच उत्तर आलं, "हां दीदी, साइज बोलो."