मानेचे जुनाट दुखणे आणि मॅन्युअल थेरपी: सात महिन्यांनंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, माझे साज (गळ्यातला पारंपरिक दागिना) घडवण्याचे काम आहे. तारेत जवमणी आणि पाने ओवताना मान तासन्‌तास खाली झुकलेली राहते. गेली चार वर्षे ती रोज सकाळी अशी आखडलेली असे की, दुचाकी वळवताना मागे पाहण्यासाठी मला कमरेपासून वळावे लागे. एक्स-रेमध्ये मणक्यांची थोडी झीज दिसली. अशी झीज काहीही दुखत नसलेल्यांतही आढळते, असे सांगून आणि हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा नाही याची खात्री करून डॉक्टरांनी मला मॅन्युअल थेरपीसाठी, म्हणजे हाताने करायच्या उपचारासाठी, फिजिओथेरपिस्टकडे पाठवले.

राजारामपुरीतील या बाई सुरुवातीचे सहा आठवडे आठवड्यातून दोनदा बोलवत, आता महिन्यातून एकदा. उताणे झोपवून त्या डोक्याचा भार तळव्यांवर घेतात आणि मागे केस संपतात तिथे, कवटीच्या तळाशी, बोटे टेकवून दीड-दोन मिनिटे नुसत्या थांबतात. पहिल्या दिवशी मला हा उपचारच वाटला नाही. मग डोके हळूहळू जड होऊन त्यांच्या हातांत उतरले, आणि झोपलेला असूनही ते मीच इतका वेळ तोलून धरले होते, हे ध्यानात आले. त्यानंतर अंगठ्याने एकेक सांधा लयीत दाबतात. त्याला मोबिलायझेशन म्हणतात. ‘कट्’ आवाज कधीच येत नाही. झटका दिल्याने क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा होऊ शकते, हे त्यांच्याकडून कळल्यावर दाढीनंतर सलूनमध्ये मान मोडून घेणे मी बंद केले. (कारागीर सवयीने हनुवटीला हात घालतोच.)

पहिल्या महिन्यात आराम दोनच दिवस टिकत असे, तशी तक्रारही मी केली. हाताने मिळालेला मोकळेपणा टिकवायचा तर मानेच्या पुढच्या खोल स्नायूंना बळ हवे, म्हणून त्यांनी हनुवटी सरळ मागे घेऊन दहा अंक थांबण्याचा व्यायाम दिला आणि कामाचे मेज वीतभर उंच करायला लावले. लग्नसराईत तीन आठवडे व्यायाम सुटला आणि दुखणे परतले. याआधी एका केंद्राने वीस बैठकींचे पैसे आगाऊ घेऊन केवळ शेक दिला. व्यायाम एकही शिकवला नाही, याचा राग अजून आहे.

सकाळची आखड आता दहा मिनिटांत सुटते. डावीकडे मान पूर्ण वळते. उजवीकडे मात्र अजून थोडा खांदा फिरवावाच लागतो.