कानेकॅलॉन सांगून भलताच धागा गळ्यात मारला

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी ड्रेड्ससाठी, म्हणजे पीळ देऊन केलेल्या जटांसारख्या बटांसाठी, सिंथेटिक केसांची पाकिटं विकत असेल, तर पैसे देण्याआधी पाकिटाच्या मधली बट ओढून तपासा. वरची नको, मधली. वरच्या बटेवर विश्वास ठेवून माझे ३,६०० रुपये गेले.

मी सिंथेटिक ड्रेड्स बनवते, आणि बरंचसं काम रेल्वेप्रवासात उरकते. खिडकीजवळच्या हुकला रबरबँडने बट अडकवायची, उलटा कंगवा मारायचा, मग पीळ द्यायचा. पीळ पक्का करायला उकळतं पाणी लागतं, ते मात्र मुक्कामी पोचल्यावर. गाडीत शेगडी, किटली वापरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

मडगावच्या एका मुलीने ५० डीई सांगितले होते. डीई म्हणजे दोन्ही टोकांचा ड्रेड, मधोमध दुमडून खऱ्या केसांत गुंफतात. इन्स्टाग्रामवरच्या एका विक्रेत्याकडून ४५० रुपयांप्रमाणे ८ पाकिटं ठरवली. आदल्या संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर, सॅटिस पुलाखाली भेटलो. कानेकॅलॉन हा जपानी कंपनी कानेकाचा मोडाक्रिलिक नावाचा कृत्रिम धागा. ज्योत बाजूला घेतली की तो विझतो. मी तिथेच एका पाकिटातली वरची बट लायटरने पेटवून पाहिली. लगेच विझली. "ताई, बिनधास्त घ्या, सगळा एकच माल आहे," तो म्हणाला. मी यूपीआयने पूर्ण पैसे दिले.

सकाळी मांडवी एक्सप्रेस पकडली. पहिलं पाकीट छान गेलं. चिपळूण सोडल्यावर तिसरं उघडलं, तर वरच्या बटेखालचा धागा गुळगुळीत, नको इतका चकाकणारा. कंगवा मारला तरी गुंता धरेना. रंग वेगळा म्हणून पोत वेगळा असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि करत राहिले. तिथेच थांबायला हवं होतं. बोटं सोलवटली तोवर आणखी १४ झाले होते.

मडगावला उकळत्या पाण्यात बुडवल्यावर खऱ्या धाग्याचे ड्रेड्स घट्ट बसले. बाकीच्यांचा पीळ माझ्या डोळ्यांदेखत उलगडला. त्यातली एक बट पेटवली, ती ज्योत काढल्यावरही जळत राहिली आणि वितळलेले थेंब पडले. ती मुलगी कामावरून रजा काढून केस धुऊन बसली होती. तिचा अ‍ॅडव्हान्स परत केला, पण तिचं तोंड बघवेना. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

घरी येऊन न उघडलेलं पाकीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. वर छापलंय १०० ग्रॅम, भरलं ७४. म्हणजे वजनातही मारलं होतं.

फोन केला तर आवाज गोड. "चुकून झालं असेल, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील." स्कॅन केल्यावर पिन मागितला, तेव्हा हात थांबला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे व्यवहाराचा क्रमांक विचारतात, म्हणून यूपीआयची पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट ब्लॉक व्हायच्या आत काढून ठेवा.

गेल्या आठवड्यात तेच फोटो दुसऱ्या नावाच्या खात्यावर दिसले. निळ्या चादरीवर पंख्यासारखी मांडलेली पाकिटं, कोपऱ्यात स्टीलचा कंगवा, आणि खाली लिहिलंय: वाशी, ठाणे, हातात माल.