बिल्डवर सही करायला की कोणती: आरएसए की ईडी२५५१९?

बिल्ड म्हणजे वापरायला तयार झालेला प्रोग्राम. तो आपलाच आहे हे पटवायला त्यावर खाजगी कीने डिजिटल सही करतात, आणि जोडीच्या सार्वजनिक कीने ती कोणीही पडताळू शकतो. आरएसए आणि ईडी२५५१९ या त्यासाठीच्या दोन पद्धती. ओपनएसएसएल या की बनवणाऱ्या प्रोग्रामला ४०९६ बिटांची आरएसए की बनवायला सांगा. स्क्रीनवर टिंबं आणि अधिकची (+) चिन्हं उमटत राहतात, कारण आत दोन प्रचंड मूळ संख्यांचा शोध चाललेला असतो. कधी पटकन होतं, कधी थांबावं लागतं. ईडी२५५१९ मध्ये हा शोधच नाही. ३२ यादृच्छिक (अंदाज न बांधता येणारे) बाइट घेतले की खाजगी की तयार, आणि एका गणितात सार्वजनिक कीही हाती येते.

तीही ३२ बाइटांचीच. बेस६४ मध्ये, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, जेमतेम ४४ अक्षरं; म्हणून रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) एका ओळीत मावते आणि डोळ्यांनी ताडून पाहता येते. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण बघायला सोपं असेल तरच लोक खरंच बघतात. सही ६४ बाइटांची. ४०९६ बिटांच्या आरएसएची ५१२.

आरएसएची बाजूही लंगडी नाही. तिची पडताळणी वेगवान आहे, आणि जुन्या उपकरणांच्या बूटलोडरला (उपकरण सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) बहुधा तीच कळते. तिथे मुकाट्याने आरएसए घ्या. नव्या प्रकल्पासाठी मात्र मी ईडी२५५१९ च निवडेन.

यादृच्छिकता कच्ची असेल तर दोन्ही सारख्याच फुकट. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ओपनएसएसएल पॅकेजमधला दोष २००८ मध्ये उघड झाला, तेव्हा कळलं की ठरावीक प्रकारच्या आणि लांबीच्या की एका संगणक-रचनेवर जेमतेम ३२,७६७ च निघू शकत होत्या. म्हणून नुकत्याच सुरू झालेल्या व्हर्च्युअल मशीनवर की बनवण्याची घाई नको; तिथे यादृच्छिकता अजून कच्ची असू शकते. आणि खाजगी की बिल्ड सर्व्हरच्या डिस्कवर उघडी ठेवूच नका.